तपासणीचा फोटो

मेहकरात हल्ली कार्यक्रमाचं काम देताना माणसं लेन्सची कंपनीही विचारतात. मी नवी लेन्स घेतली तेव्हा तिच्यावरचं नाव लोकांना दिसेल, असाच कॅमेरा गळ्यात अडकवू लागलो.

तिचं पहिलं काम शकुंतलाबाईंच्या पंचाहत्तरीचं. त्या आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. व्हिडिओला माझा जोडीदार नौशाद होता.

"लेन्स तपासून पाह्यली का बे?" त्यानं विचारलं.

"तुयासारखी स्वस्तातली असती तं तपासली असती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ह्या कंपनीचं नावच पुरे."

पाहुणे हसले. नौशादनं मान वळवली.

घरी येऊन फोटो उघडले. जरीचा धागा न् धागा दिसत होता. ग्रुप फोटोत मात्र बाईंचे थोरले चिरंजीव किसनराव खाली पाहत होते. डोळे मिटले असतील. पुढच्या फोटोत ते आणि त्यांची बायको, दोघंही. मग मागची सगळी रांग. शेवटच्या फोटोत एकही नजर वर नव्हती. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारख्या साऱ्यांच्या हनुवट्या छातीला टेकलेल्या.

नौशादचा व्हिडिओ पाहिला. त्याच क्षणी तीच माणसं माझ्याकडे पाहून खळखळून हसत होती.

लेन्स कंपनीकडे पाठवली. तपासून परत आली. कुठेही दोष नाही, फोनवरचा माणूस म्हणाला, आमच्या मालात सहसा नसतोच. हे वाक्य मीच बोलल्यासारखं वाटलं.

किसनरावांना फोटो दाखवावेच लागले.

"आम्ही सगळे असे काऊन उभे आहोत?" त्यांनी विचारलं. "तू काही केलं का ह्या फोटोइले?"

त्यांच्या बायकोनं फोटो पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. मी काय आणून ठेवलं होतं त्या घरात? पुन्हा फोटो काढून देतो म्हणालो, तेही फरशीकडे पाहत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नौशादला सोबत घेऊन गेलो. बोलावताना जीभ जड झाली होती, पण तो आला. दिवाणखान्यात उदबत्तीचा वास होता. बाहेर उन्हात कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. शकुंतलाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"आधी ज्याले हलताच येत नाही, त्याचा फोटो काढ," नौशाद म्हणाला.

भिंतीवर महादेवराव होते, बाईंचे दिवंगत यजमान. काळा कोट, चंदनाचा हार. फोटोतली ती रोखलेली नजर अख्ख्या मेहकराला ठाऊक होती. शाळेत असताना बाईंच्या घरी शिकवणीला आलो की आम्ही तिच्यासमोरून वाकून जायचो.

मी बटण दाबलं.

कोटाची घडी स्पष्ट आली होती. हाराचा प्रत्येक मणीही. डोळे खाली होते.

नौशादनं स्क्रीन पाहिली. मग भिंतीकडे पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

भिंतीवरही डोळे खाली होते.

शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. आमची तोंडं पाहून त्या थांबल्या, ट्रे खाली ठेवला आणि फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दचकल्या नाहीत.

"मेल्यावर का होईना, लाज वाटली एकदाची," त्या हळूच म्हणाल्या.

मग टाचा उंचावून त्यांनी हार काढून घेतला.