बिनकोटाचा फोटो

तो आमच्या बोर्डाकडे बघून हसला आणि माझं डोकंच फिरलं.

बाहेर पाऊस कोसळत होता. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर पाणी तुंबलं होतं, आणि हा आमच्या स्टुडिओच्या पत्र्याखाली उभा राहून बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड वाचत होता - 'माजी सैनिकांना फोटो अर्ध्या दरात. आपला ऋणी, भालचंद्र परब.' ते कारगिलचं वर्ष होतं. टीव्हीवरच्या बातम्या बघताना बाबांच्या डोळ्यांना धार लागायची, त्यातूनच तो बोर्ड आला होता. त्यावर कुणी हसावं?

"हसायला काय झालं?" मी काउंटरवरूनच विचारलं.

"काही नाही..." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "मला अर्ध्या दरात फोटो मिळेल, त्याचं हसू आलं."

मला वाटलं, थापा मारतोय. माजी सैनिक म्हणजे पांढऱ्या मिशा, हातात काठी. हा जेमतेम सत्तावीसचा... आणि डोळे असे काळेभोर, की मी उगीचच पुसलेला काउंटर पुन्हा पुसायला घेतला.

नाव अनुज चुरी. राजोडीचा, घरची केळीची वाडी. सैन्यात ट्रक चालवायचा. "लढाईबिढाई नाही हां मॅडम. बटाटे, रॉकेल, कांबळी वर पोचवायची. एकदा ट्रक उलटला, खांदा मोडला, आणि झालो माजी!" उजवा खांदा खरंच डाव्यापेक्षा खाली होता. "तेव्हा पैसे पूर्ण घ्या. सवलत द्यायचीच तर बटाट्यांना द्या."

"फोटो कशासाठी हवाय?"

तो चक्क लाजला. "आईला हवाय... मुलींकडे पाठवायला."

का कोण जाणे, कॅमेऱ्याचं स्टँड मी जरा जोरातच आपटलं.

बाबा बाहेर गेले होते, म्हणून फोटो मीच काढला. हनुवटी दोन बोटांनी धरून किंचित वळवली. दिवसातून दहा जणांची वळवते, पण त्या दिवशी बोटं नंतर कितीतरी वेळ गरम होती. "हसा," म्हटलं, तर तो म्हणाला, "तुम्ही रागावून बघताय, मी हसू कसा?" मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.

लॅबमधून फोटो आला आणि मी बघतच राहिले. साधा भिजलेला शर्ट, एक खांदा उतरलेला, आणि डोळेभर हसू. ह्याला कोण नाही म्हणणार? फोटो दिला की हा गेला... कुणाच्या तरी घरी कांदेपोहे खायला!

तो न्यायला आला तेव्हा मी म्हणाले, "सॉरी, रोल खराब झाला. परत बसावं लागेल."

"अरे वा," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

पण बाबांना होती. आतून धावतच आले. जवानाचा फोटो बिघडला म्हणून मला झापलं, त्याला कडक सलाम ठोकला आणि खिळ्यावरचा काळा कोट काढला. वसईतल्या निम्म्या नवरदेवांचे फोटो त्याच कोटात निघालेत. एवढं करून थांबतील तर ते बाबा कसले! टॉवेलची घडी करून त्यांनी ती उजव्या खांद्याखाली सरकवली. "आता कसं! पहिल्या नजरेत पसंत!"

दोन्ही खांदे एका रेषेत आले. अनुजचे डोळे मात्र विझले. बाबा तर प्रेमानेच करत होते सगळं, त्यांना काय बोलणार? माझा जीव तळमळला.

आठवड्याने तो आणखी दोन कॉपी मागायला आला.

"विरारला, फुलपाड्याला पसंत पडलाय."

"कोण?"

"कोट." तो ओठांच्या कोपऱ्यातून हसला. "रविवारी, पंधरा ऑगस्टला बघायला जायचंय. तुम्ही काहीच बोलत नाही?"

"अभिनंदन," मी म्हणाले आणि आत निघून गेले.

मग सुरू झालं ते... जेवण जाईना, झोप लागेना. रस्त्यावर प्रत्येक थांबणाऱ्या रिक्षाकडे मान वळे. गिऱ्हाइकाला पासपोर्टचे सांगून पोस्टकार्डाचे काढले. स्वतःचाच राग येत होता. ज्याला अडवायचं होतं, त्याला मीच पुन्हा स्टुलावर बसवलं होतं!

दर पंधरा ऑगस्टला बाबा शोकेसमध्ये एका माजी सैनिकाचा फोटो लावत, खाली झेंडूचा हार. त्या सकाळी झेंडावंदनाला जाताना म्हणाले, "सुरुची, यंदा अनुजचा लाव, कोटातला." मी शोकेस उघडली. कोटातला फोटो हातात होता. तो काउंटरवर ठेवला, आणि ड्रॉवरच्या तळाशी दडवलेला दुसरा काढला. तोच लावला.

दहाच्या सुमाराला तो बाहेर दिसला. इस्त्रीचा शर्ट, नवीन चपला, भुरभुर पावसात तसाच उभा. शोकेससमोर किती वेळ गेला, देवाला ठाऊक. मग आत आला.

"हा तर पहिल्या रोलमधला."

"हो."

"रोल खराब झाला होता ना?"

"नव्हता झाला." मान वर करायची हिंमत होईना. "तुम्ही परत यावं असं वाटलं म्हणून..."

"आणि आज हाच का लावलात?"

"मला हेच आवडतात!" मी जवळजवळ ओरडलेच. "म्हणजे... खांद्यासकट. टॉवेल नको, कोट नको. तुम्हाला जायचं तर खुशाल जा फुलपाड्याला, पण असेच जा!"

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "फोन करू का एक?"

काउंटरवरच्या फोनवरून त्याने स्थळ आणणाऱ्या मामांना सांगितलं, "मामा, विरारला आत्ताच कळवा, मी येत नाही. मुलीत काही खोट नाही, उशीर माझाच झालाय... हो, आईला मी सांगतो." फोन ठेवला. त्याचा हात काउंटरवर होता, माझ्या हातापासून वीतभर. ती वीत त्यानेच ओलांडली.

नेमके तेव्हाच बाबा जिलेबीचा पुडा घेऊन दारात. आधी शोकेस बघितली, मग आमचे हात.

"काका," अनुज घाबरून ताठ झाला, पण माझा हात सोडला नाही. "इतके दिवस सवलत नको म्हणालो. आता मागतो. लग्नाच्या फोटोंवर मिळेल का?"

  बाबांनी पुड्याचा दोरा सोडला, एक जिलेबी त्याच्या हातावर ठेवली आणि डोळे पुसत खेकसले, "घरच्या माणसाला कसली आलीय सवलत!"