तिसरी आणि चौथी तार

ती मला पहिल्यांदा दिसली ती घोट्यापासून खाली.

मी रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून केबलचा जोड करत होतो. वर ताडपत्री, बाहेर पावसाची भुरभुर. ताडपत्रीच्या फटीत दोन ओले बूट येऊन थांबले, आणि मग एक छत्री आत सरकली.

"छत्री तुमच्यावर धरलेली नाही हं. जोडाच्या मशीनवर धरलीय," वरून आवाज आला. "मशीन महाग असतं म्हणे."

"आणि मी?"

"तुमचं अजून मोजमाप झालेलं नाही."

मी वर पाहिलं. गळ्यात मीटरची पेटी अडकवलेली एक मुलगी. खरं तर तिने पलीकडच्या चौकात असायला हवं होतं. कंपनीच्या गाडीवाल्या काकांनी तिला चुकून माझ्याच खड्ड्यापाशी उतरवलं आणि ते निघून गेले. गाडी परत येईपर्यंत तिला जायला जागा नव्हती, आणि मला बोलायला विषय नव्हता. म्हणून मी केबलबद्दल बोललो.

"घरोघरी जाते ती चपटी, बुटाच्या नाडीएवढी. इमारतीत जिन्यावरून चढते तिच्यात प्रत्येक तारेला स्वतःचं घट्ट आवरण, कोपऱ्यात वळवली तरी फारशी कुरकुरत नाही. जमिनीखालच्या पाईपात जागा कमी, तिथे पट्टीची. बारा तारा शेजारी शेजारी चिकटवलेल्या, अशा पट्ट्या एकावर एक. अंगठ्याएवढ्या जाडीत शेकडो तारा."

"आणि ही?"

"ही नवीन. पेन्सिलीहून बारीक. पाईपातून हवेने फुंकत नेतात. हिच्यात तारा सुट्या असतात."

"तुम्हाला कोणती आवडते?"

"पट्टीची."

"का बरं?"

"शिस्त असते तिच्यात."

मी खोटं बोललो. तिला ते तेव्हा कळलं नाही… निदान मला तसं वाटलं.

ती जाऊन आता आठ महिने झाले. तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्या त्या खोट्यापासूनच सुरुवात करावी लागते.

केसाएवढ्या काचेच्या तारांना बारा रंग असतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, असे पुढे. इकडची हिरवी तिकडच्या हिरवीलाच जोडायची. मला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतात. भरतीच्या वेळी त्यांनी फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली, रंग कुणी विचारलेच नाहीत. मीही सांगितलं नाही. पट्टीच्या केबलमध्ये निळी कड सापडली की पुढचा क्रम आपोआप लागतो, त्यामुळे सहा वर्षं निभावलं. मग जुन्या पाईपांत जागा उरली नाही, आणि कंपनीने ही बारीक सुट्या तारांची केबल आणली. कडक उन्हात, टॉर्च मारून, हिरवी किंचित उजळ वाटायची. ढगाळ दिवशी मी सरळ अंदाज करायचो.

ती तपासणीत होती. आम्ही जोड केले की तिने दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, प्रत्येक तारेतून उजेड जातो का आणि योग्य तारेतच जातो का ते बघायचं, मग सही करायची. सगळे तिला मीटरबाई म्हणायचे. आठवड्याभरात तिचा फोन आला.

"तिसरी आणि चौथी उलट लागलीय."

"घाईत झालं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने फोन केला नाही. ती स्वतः आली, खड्ड्याच्या काठावर बसली आणि दोन तारा चिमटीत धरून माझ्यासमोर केल्या.

"यातली हिरवी कोणती?"

मी बराच वेळ पाहिलं. "ही."

"दोन्ही तपकिरी आहेत."

मी चिंधी उचलली. हात पुसत राहिलो.

"वर सांगणार?" मी शेवटी विचारलं.

"सांगायला हवं." ती उठली, बुटाचा चिखल काठाला घासला. "पण मग मला परत परत इथे यायला निमित्त काय उरणार?"

त्या दिवसापासून आमची वेगळीच पद्धत सुरू झाली. ती सकाळच्या गाडीने आधी माझ्याकडे यायची. एकेक तार उचलून रंग सांगायची, मी जोडायचो. मग ती दुसऱ्या टोकाला जाऊन तपासणी करायची. नियमात हे बसत नव्हतं. जोडणारा आणि तपासणारा वेगळे असतात, त्याला कारण असतं. पण तिची बोटं थंडीत लाल व्हायची, ती त्यांवर फुंकर मारायची, आणि मला नियम आठवायचे नाहीत.

"हिरवी… तपकिरी… करडी… गुलाबी."

"गुलाबी नाही, पांढरी आहे ती. तेवढं दिसतं मला."

"जागे आहात का बघत होते."

तुम्हीचं तू कधी झालं ते लक्षात नाही. एकदा पेटी बंद करताना ती म्हणाली, "हे असं किती दिवस चालायचं?"

"कंपनी केबल बदलेपर्यंत."

"मी केबलचं विचारत नव्हते."

मला कळलं होतं. पण मी स्क्रू घट्ट करत राहिलो. मला वाटलं, घाई काय आहे.

मग ती आजारी असतानाचा तो दिवस आला. अंगात ताप होता, तरी आली. आभाळ भरलेलं, दुपारीच अंधारून आलेलं. मी म्हटलं, "तू गाडीत पडून राहा. मी करतो."

"नक्की? तिसरी, चौथी?"

"टॉर्च आहे ना."

मला तिला दाखवायचं होतं की मलाही जमतं. संध्याकाळी लाइन चालू करायची होती. ती गाडीत डोळे मिटून बसली होती, हातात तपासणीचा कागद.

"बरोबर लागल्या?"

"लागल्या."

"तू सांगतोस म्हणून," ती म्हणाली आणि न तपासता सही केली. पहिल्यांदाच.

तिसरी तार रुग्णालयाच्या अपघात विभागाची होती, चौथी एका गोदामाची. अपघात विभागाचा फोन दोन तास मुका होता. त्या दोन तासांत एका घरात एका माणसाच्या छातीत कळ आली. त्याची बायको फोन लावत राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तरी वाचलाच असता असं नाही. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. उपयोग झाला नाही.

चौकशी बसली. आमच्या कामात जोडणाऱ्याची चूक धरूनच चालतात, म्हणून तर तपासणारा ठेवतात. त्यामुळे बोट तिच्याकडे गेलं. तिने दोनच ओळी लिहून दिल्या: तपासणी न करता सही केली. चूक माझी आहे. माझ्या डोळ्यांबद्दल एक शब्द नाही. तिला घरी बसवलं.

आणि मी गप्प बसलो. एक दिवस, दोन दिवस… नऊ दिवस. कामावर जात होतो, डबा खात होतो.

नवव्या दिवशी गाडीवाले काका स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "ती पोरगी तुझ्यासाठी गप्प आहे. तू कुणासाठी?"

मी गाडीतून उतरलो आणि सरळ साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, मग टेबलावर तारांचा एक तुकडा सोलून ठेवला. "हिरवी काढ." मी एक काढून दिली. त्यांनी ती पाहिली, बाजूला ठेवली.

"सहा वर्षं?"

"हो साहेब."

त्याच दुपारी माझी नोकरी गेली. तिची परत आली नाही. सही तिचीच होती.

तिच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं.

"तुम्हीच का ते?"

"हो."

"उशीर केलात," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

ती बाहेर आली. चेहरा उतरलेला, केस विंचरलेले नाहीत.

"सांगितलंस?"

"सांगितलं. काढलं मला."

"बरं झालं." मग केस मागे सारत, "आता इथे काय?"

"मला… तू हवी आहेस. आधीच सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता दार लावून घेईल.

"त्या माणसाच्या बायकोला भेटलास?"

"नाही."

"मग आधी तिकडे जाऊ. दोघं. तुझं नंतर बघू."

आम्ही गेलो. त्या बाईंनी उंबऱ्यात उभं राहून आमचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. हळूच दार लावून घेतलं. तो जिना उतरताना हिने माझा हात धरला. पहिल्यांदाच. रस्त्यावर आलो तरी सोडला नाही. आमचं जमलं ते असं. लोकांना सांगण्यासारखं नाही.

एकवीस वर्षं संसार केला. मी दिव्यांच्या दुकानात लागलो, तिने शिकवण्या घेतल्या. भांडलो, हसलो, सगळं झालं. पण त्या नऊ दिवसांचा विषय मी कधी काढला नाही, तिनेही काढला नाही. तिला काही हवं असलं की तिने दोनदा सांगायच्या आधीच मी उठायचो. आवाज चढवायचो नाही. तिने माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं होतं, आणि कायमचं मिटून ठेवलं असतं, असंच मी धरून चाललो होतो.

तिच्या शेवटच्या आजारात, रुग्णालयात, एका संध्याकाळी मी विचारलं. "मी गेलोच नसतो साहेबांकडे, तर?"

तिने डोळे उघडले. "दहाव्या दिवशी मी तुझं नाव सांगणार होते. चिठ्ठी लिहून ठेवली होती. पाकिटात घातली होती."

"खरंच?"

"मग? मी काय लाकडाची होते?" तिला हसताना धाप लागली. "आईला विचारलं असतंस, तिनेच पाकीट आणून दिलं होतं. किती चिडले होते मी तुझ्यावर… वेडा कुठला. एकवीस वर्षं मला देवी करून बसलास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मला हसू आलं. खूप दिवसांनी, मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी वळून पाहिलं. तिच्यासमोर मी इतकी वर्षं थोडा वाकूनच राहिलो होतो, ते तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी तिच्या खाटेवर, तिच्या शेजारी, पाय वर घेऊन बसलो. तिने मला कोपराने ढकललं, मीही ढकललं.

आम्हाला असे चार दिवस मिळाले.