उजेडाच्या वाटेतला माणूस

"ह्या टेबलावर नका बसू, ताई. दारात कुणी उंच माणूस उभा राहिला की इथलं नेट तुटतं," नितीनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. यशोधराने "बरं" म्हटलं आणि पिशवी तिथंच ठेवली. दोन वर्षांच्या सांचीला घरी आजीपाशी सोडून आलेली बाई आणखी कुठं बसणार? उठून पळायचं तर दार जवळ हवं.

केडगावातली ती अभ्यासिका शामकांत सरांची. मोबाईल बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, हा सरांचा नियम. आणि परीक्षेच्या तयारीची सगळी मुलं एकदम लॅपटॉप उघडून बसली की वायफाय पार दमून जायचं. म्हणून इंजिनियरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या नितीनने आपला प्रयोग तिथं मांडला होता. समोरच्या भिंतीवर, छताखाली एक पांढरी डबी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे, न बोचणारे लेझरचे किरण निघायचे आणि प्रत्येक टेबलावरच्या चिमुकल्या डबीत उतरायचे. नेट त्या उजेडातून यायचं. वायर नको, काही नको... फक्त वाटेत कुणी आडवं यायचं नाही. आणि दाराजवळच्या टेबलाचा किरण नेमका दाराला घासून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जायचा.

यशोधराच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात एक चौकट कायम उघडी असायची. घरच्या फळीवर ठेवलेला जुना मोबाईल त्या चौकटीत सांची दाखवायचा. निजलेली, खेळणारी, आजीच्या पदराला लोंबकळणारी. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून यशोधराची नजर ह्या पोरीवरून हलायला तयारच नव्हती. तिची आई सुमनबाई रोज निघताना म्हणायची, "तुला मीच वाढीवलं न्हाई व्हय? जा, वाच. लेकरू कुटं जात न्हाई." तरी एक पान झालं की यशोधरा चौकट बघायचीच.

आणि चौकट मधूनच गोठायची. ती टेबलावरची डबी हलवून बघायची... तेवढ्यात नितीन टेबलापाशी हजर. "तुटलं का?" किती तत्पर माणूस, तिला वाटायचं. तो डबी पुसायचा, किंचित वळवायचा, नेट परत यायचं. मग तो हळू आवाजात विचारायचा, आज सांचीने काय खाल्लं, दाढ आली का. 'ताई' कधी गळून पडलं, दोघांना कळलंच नाही. म्हणजे तिला कळलं होतं. बोलून दाखवलं नाही, इतकंच.

"तुमचं यंत्र माझ्याच टेबलावर का रुसतं हो?" तिने एकदा विचारलं.

"तुम्ही ऐकलंत कुठं? आतलं टेबल घ्या म्हटलं होतं."

"घेऊ का मग?"

तो गडबडला. "नको... म्हणजे, होईल दुरुस्त."

तिने पुस्तकात मान घातली. हसू काही केल्या पुस्तकात मावेना.

मग ती दुपार आली. सुमनबाई गच्चीवर कुरडया उलटायला गेली होती. चौकटीत सांची जागी झाली, खाली उतरली, स्टूल ओढत फळीपाशी आली. एक पाय वर. दुसरा पाय वर. तिचा चेहरा मोठा, आणखी मोठा होत गेला... आणि चौकट गोठली.

यशोधराची खुर्ची मागे कलंडली. दारात नितीन उभा होता, हातात चहाचे दोन कप. "सांची —" एवढंच तिच्या तोंडून निघालं. त्याने कप चपलांच्या रॅकवर ठेवले, काही न विचारता गाडी काढली. तिचा मोबाईल कप्प्यातच राहिला. वाटभर ती त्याचा शर्ट मुठीत धरून बसली होती.

घरात सांची जमिनीवर बसली होती. तोंड, केस, पाय, सगळं पांढरंफेक. फळीवरची पावडर तिने आपल्या हातांनी लावून घेतली होती.

"पडली न्हाई गं," सुमनबाई पदराने तिला पुसत म्हणाली. "मी जिन्यातच हुते. नवरी नटून बसलीय." मग दाराकडे बघून, "आन् हे कोन?"

यशोधरा लेकीला छातीशी धरून रडत होती, हसत होती. नितीन उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"नेट तोडणारा," तो म्हणाला. "यंत्रात काही बिघाड नाही, यशोधरा. दारात उभा राहिलो की माझंच डोकं किरणाच्या आड येतं. बोलावं की नको, ठरेपर्यंत मी तिथंच उभा असतो... रोज. आज तुमचा जीव टांगणीला लागला माझ्यामुळं. आता नाही येणार."

तिला राग यायला हवा होता. पण सुटकेनेच छाती इतकी भरली होती की रागाला जागा उरली नाही.

"काय बोलायचं होतं?"

"त्या चौकटीत... मलाही बघायचंय. तुमच्याबरोबर. रोज."

यशोधराने सांचीच्या केसांतली पावडर झटकली. बराच वेळ झटकत राहिली.

"मग दारात उभं नका राहू," ती म्हणाली. "माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. बसून बघा."

सांचीने पांढरा हात पुढं केला. नितीन वाकला, तर तिने तो हात थेट त्याच्या गालावर उमटवला. सुमनबाईने न विचारताच चहाचं आधण ठेवलं.

आता यशोधरा दोन पानं वाचून मग चौकट बघते. मधल्या पानाला शेजारचा बघतो.

आणि तुम्ही... ही गोष्ट वाचेपर्यंत पलीकडच्या खोलीत तुमचंही एखादं लेकरू निजलं असेल. बराच वेळ झाला, त्याचा आवाज नाही आला. जा, एकदा बघून या.