हिरव्या कडेचं काडतूस

लाइल होस्टेटलरला अडुसष्टावं वर्ष लागलं त्या सकाळी कॉरिन त्याच्या स्वयंपाकघरात आली ती एका हातात पीचचा केक आणि दुसऱ्या काखेत बुटांचा खोका घेऊन. खोक्यात बूट नव्हते. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक पोलादी पिस्तूल होतं, जाड नळीचं, पंचेचाळीस बोअरचं, हॅस्केट कौंटीचा शिक्का असलेलं.

"नंबर वाच, काका," ती म्हणाली.

लाइलला वाचायची गरज नव्हती. मुठीच्या डाव्या फळीवरचा चरा त्याच्याच गाडीच्या दाराने पाडलेला होता. पोलिसातली अठरा वर्षं हे धूड त्याच्या कमरेला लटकत होतं. मग कौंटीने सगळ्यांना हलकी, बारीक नळीची पिस्तुलं दिली आणि ही जुनी एका व्यापाऱ्याला घाऊक विकून टाकली. असल्या पोलीसवाल्या पिस्तुलांचे वेडे गावोगाव असतात. बाहेरून खरचटलेली, आतून जवळजवळ कोरी. पोलीस वागवतो फार आणि झाडतो कमी. कॉरिन दोन वर्षं दुकानं पालथी घालत होती आणि शेवटी तिने नेमकं हेच हुडकून काढलं होतं.

ती स्वतः आता त्याच कौंटीत डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालची पोलीस, होती. तिचा बाप व्हर्न ऑलब्राइट लाइलचा जोडीदार होता. बावीस वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारामागच्या आवारात डेल्मर स्टाउट नावाच्या माणसाला पकडायला दोघे गेले आणि व्हर्न परत आला नाही. कॉरिन तेव्हा नऊ वर्षांची होती. लाइलने चौकशीत सांगितलं की आपण चाप ओढला, पण काडतूस फुसकं निघालं. ते उपसून टाकेपर्यंत स्टाउटची गोळी व्हर्नला लागून सगळं आटोपलं होतं. तपासणाऱ्या कारागिराने लेखी दिलं की पिस्तुलात काही दोष नाही. फुसकं काडतूस शोधायला तीन दिवस आवारातली खडी चाळली. मिळालं नाही.

त्यानंतर गावाने लाइलला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त त्याची गाडी थंडीत सुरू व्हायला वेळ लागला की उपाहारगृहातली म्हातारी मंडळी खिडकीतून बघत, आणि कोणीतरी हळूच म्हणे, लाइलचं काहीही ऐनवेळीच अडकतं. कॉरिन तिथे असली की त्या माणसाचा घास घशातच राही. शाळेत असताना तिने या एका गोष्टीवरून दोन पोरांची नाकं फोडली होती.

"याला एकदा अडकू दे," तिने केक कापता कापता सांगितलं. "हजार गोळ्या झाड, दोन हजार झाड. एकदा अडकलं की लिहून ठेव, म्हणजे पिस्तुलात दोष नाही हे त्या कारागिराचं म्हणणं खोटं ठरेल. मी तो कागद नेऊन शेरीफच्या टेबलावर ठेवते. मेलेल्या बापासाठी नाही रे काका, तुझ्याबद्दल लोक बोलतात ते मला सहन होत नाही."

लाइल केक खात राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

कारण पिस्तूल अडकलंच नव्हतं, आणि काडतूसही फुसकं नव्हतं. या जातीच्या पिस्तुलाची एक खोड आहे: मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायचा काडतुसांचा डबा, पुरतं आत बसल्याशिवाय ते मेल्यासारखं पडून राहतं. चाप ओढला तरी घोडा पडत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून शिकवतात, तळव्याने ठोकायचं आणि मग खाली ओढून बघायचं. त्या सकाळी लाइलच्या डाव्या हातात कॉफीचा पेला होता. त्याने मॅगझिन नुसतं सरकवलं. आवारात त्याने चाप ओढला तेव्हा काहीच झालं नाही, आणि मॅगझिन निसटून त्याच्या बुटावर पडलं.

स्टाउट तेव्हा पळाला, पुढे पकडला गेला. लाइलने मॅगझिन ठोकून बसवलं, नळीतलं काडतूस उपसून बाहेर काढलं आणि त्याच्या बुडाकडे पाहिलं. घोडा जिच्यावर आपटून काडतूस फुटतं त्या मधल्या टिकलीवर घाव नव्हता. ती आरशासारखी साफ होती. असं काडतूस सापडलं असतं तर कोणीही ओळखलं असतं की ते फुसकं नव्हतं. त्याने धावत जाऊन ते आवारामागच्या पाटाच्या पाण्यात फेकलं. तेवढा सगळा वेळ खडीत पडलेल्या व्हर्नचा श्वास चालू होता. लाइलला आयुष्यात स्वतःची किळस आली असेल तर ती या एका मिनिटाची.

तरी शनिवारी तो जुन्या खडीच्या खाणीत गेला. कॉरिनला नाही म्हणण्याची हिंमत त्याच्यात नव्हती. गावातले सगळे तिथेच नेम धरतात. लाइल झाडलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून काडतुसं घरीच करायचा, त्यामुळे रिकामी पुंगळी न् पुंगळी वेचून आणायची त्याची सवय. पुंगळ्या उडतात त्या उजव्या बाजूला ताडपत्री अंथरली, पंचवीस पावलांवर माणसाच्या आकाराचा कागद लावला आणि आठ गोळ्या झाडल्या. पिस्तूल घड्याळासारखं चाललं. दणका जुनाच होता, मनगटातून खांद्यापर्यंत जाणारा.

ताडपत्रीवर आठ पिवळ्या पितळी पुंगळ्या होत्या. आणि एक आख्खं काडतूस, पांढऱ्या निकेलचं.

त्या काळी कौंटीत प्रत्येक डेप्युटीने आपल्या काडतुसांच्या टिकलीभोवती रंगाची कड ओढायची पद्धत होती, कोणाचं कुठलं ते कळावं म्हणून. व्हर्नची लाल. लाइलची हिरवी. या काडतुसाला हिरवी कड होती, हाताने ओढलेली, एका जागी जराशी फुगलेली. टिकली साफ होती. आणि काडतूस ओलं होतं.

लाइलने सामान भरलं आणि घरी आला. कोणीतरी थट्टा करतंय असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, पण थट्टा करायला माहीत असावं लागतं आणि माहीत असलेला माणूस जगात एकच होता, तो स्वतः. काडतूस त्याने कॉफीच्या डब्यात टाकलं आणि डबा फडताळात ठेवला.

पुढच्या शनिवारी त्याने शंभर गोळ्या झाडल्या. पुंगळ्या शंभरच भरल्या. त्याला हायसं वाटलं. घरी येऊन त्याने डबा उघडला, उगीच, खात्री करायला. टिकलीच्या मधोमध सुईने टोचावं तेवढा ठिपका होता.

त्यानंतर तो डब्याकडे बघूनच खाणीत जाई आणि आल्या आल्या पुन्हा बघे. पिस्तूल खाणीत आणि काडतूस घरात, मध्ये अकरा मैल. तरी प्रत्येक वेळी ठिपका थोडा खोल होई. आठवडाभर पिस्तुलाला हात लावला नाही की तसाच राही. त्याने भिंगातून पाहिलं, पेन्सिलीने कागदावर उतरवून पाहिलं. सप्टेंबर संपता संपता ठिपक्याचा पोचा झाला, भांडं आपटल्यावर येतो तसा, गोल आणि मऊ काठाचा.

तेव्हा लाइलच्या मनात पहिल्यांदा भीतीखेरीज दुसरं काही आलं. पोचा पडलेलं आणि तरी न फुटलेलं काडतूस म्हणजे फुसकं काडतूस. बावीस वर्षांपूर्वी त्याने जे सांगितलं होतं, अगदी तेच. कोण देतंय आणि का देतंय हे विचारण्याच्या स्थितीत तो नव्हता. ज्याने इतकी वर्षं मान खाली घालून कॉफी प्यायली, त्याला ते काडतूस प्रसादासारखं वाटलं तर नवल नाही. मात्र ते फेकून देता आलं असतं आणि त्याने ते फेकलं नाही, हेही खरं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने कॉरिनला बोलावून काडतूस तिच्या हातावर ठेवलं. पिस्तुलाच्या जुन्या चामडी म्यानाच्या अस्तरात अडकलं होतं म्हणाला. ती बराच वेळ त्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली आणि मग लहान मुलीसारखी रडली. तिने लाइलच्या टकलावर ओठ टेकवले. काडतूस तिने गणवेशाच्या डाव्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. सोमवारी शेरीफकडे नेईन, तोवर माझ्याजवळ राहू दे, असं म्हणाली.

"आता मला हे पिस्तूल एकदा झाडून बघायचंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी. गणवेशातच येते."

रात्रभर लाइल विचार करत होता की आता तो पोचा आणखी किती खोल जाऊ शकतो.

खाणीत वारा नव्हता. कापलेल्या गव्हाच्या रानावरून धूळ येऊन टेबलावर बसली होती. कॉरिनने मॅगझिन भरलं, तळव्याने ठोकलं आणि खाली ओढून पाहिलं. तिच्या खिशाचं बटण लावलेलं होतं.

"ते काडतूस जरा टेबलावर ठेव ना," लाइल म्हणाला.

"का?"

का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. पाट, पाणी, व्हर्नचा श्वास. ती त्याच्याकडे पाहत होती, बापाचेच करडे डोळे, आणि त्या डोळ्यांत त्याच्यासाठी जे होतं ते त्याला जगात दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "झाड तू."

पहिली गोळी सुटली. लाइल कागदाकडे नाही, खिशाकडे पाहत होता.

दुसरी. तिसरी.

तोंड उघडायला अजून पाच गोळ्यांचा वेळ होता. त्याने ते उघडलं नाही.

आठवी सुटली आणि पिस्तूल रिकामं होऊन उघडं राहिलं. कॉरिन धडधाकट उभी होती. खिसा तसाच होता, भोक नाही, डाग नाही. लाइलने टेबल धरलं.

कॉरिनने पिस्तूल खाली ठेवलं आणि छातीवर हात नेला. "चटका बसतोय," ती म्हणाली.

तिने बटण काढलं. खिशातून निघाली ती पुंगळी. निकेलची, हिरव्या कडेची, तोंडाशी काळवंडलेली. टिकलीत खोल खड्डा होता. पुढची शिशाची गोळी नव्हती.

पुंगळी टेबलावर ठेवून तिने खिसा उलटा केला. रिकामा होता.

ती कागदापर्यंत चालत गेली. लाइल जागेवरून मोजत होता आणि तीही मोजत होती. छातीच्या मधोमध आठ भोकं, एका मुठीत मावतील अशी. नववं वेगळं होतं, डाव्या काखेखाली, जिथे पोलिसाचं चिलखत संपतं. व्हर्नला तिथेच लागली होती. ती गोळी आरपार जाऊन रानात हरवली होती, कोणालाच सापडली नव्हती.

कॉरिन परत आली ती सावकाश.

"स्टाउट तुरुंगात मरेपर्यंत एकच सांगत होता," ती म्हणाली. "'मी हवेत झाडली, ऑलब्राइटला माझी लागली नाही.' मी ती जबानी वाचून हसले होते."

"कॉरिन, माझं मॅगझिन बसलं नव्हतं," लाइल म्हणाला. बावीस वर्षं दाबलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं. "गोळी सुटलीच नाही. मी काडतूस पाटात फेकलं. खोटं बोललो मी. पण सुटली नाही, व्हर्नची शपथ."

"काल तू म्हणालास, अस्तरात सापडलं."

जे खरं होतं ते त्याने सांगितलं होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्याच कानाला खोटं वाटलं.

कॉरिनने दुसऱ्या खिशातून पेन काढलं, पुंगळीच्या तोंडात घालून ती उचलली आणि पुराव्याच्या पाकिटात सोडली. पाकिटावर तारीख लिहिली. मग ती टेबल आणि लाइल यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मिस्टर होस्टेटलर," ती म्हणाली, "तुम्ही दोन पावलं मागे जा. हात मला दिसतील असे ठेवा."

लाइलने हात वर केले. त्या सकाळी त्याने एकही गोळी झाडली नव्हती, पिस्तुलाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात जळलेल्या दारूची काळी पूड होती, नुकतीच गोळी झाडलेल्या हातावर असते तशी, आणि ती अजून कोमट होती.