आत्याच्या कमरेचं शिसं

“वर आली! आत्या पुन्हा वर आली!” भूपेश तलावाच्या पाळीवरून ओरडला.

राखी पाण्याच्या काठाशी धावली. तिसरी बुडी, आणि लाकडी खुंटी तशीच आत्याच्या हातात!

तलावाच्या तळापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा दगडी तुडुम होता. शेतांना पाणी सोडायचं त्याचं तोंड मुठीएवढं, आणि त्यात बसायची एक लाकडी खुंटी. आदल्या संध्याकाळी कृष्णरावांना आपल्या उन्हाळी धानासाठी घाई झाली. त्यांनी खुंटीला दोर बांधला, दोर ट्रॅक्टरला बांधला आणि ओढला. खुंटी मोडून बाहेर आली! तेव्हापासून पाणी पाटातून धो धो वाहत होतं. दिवस मावळेपर्यंत नुसता चिखल उरणार होता. त्यात रोहू नाही, कटला नाही, काही नाही.

तलावातल्या मासोळीवर घर चालवणारे राखीचे बाबा, भैयालाल, सकाळपासून बुड्या मारून थकले होते. मोडक्या खुंटीला गोणपाट गुंडाळून ती ठोकून बसवायची, तर तेवढा वेळ दम पुरत नव्हता. “तलाव गेला त मी हैदराबादले कामाले जातो,” ते एवढंच बोलले होते. त्यांची पाठीवरची बॅग भरून दारात ठेवलेली राखीने पाहिली होती.

आता आशा एकच, कामिनी आत्या! ती मालवणला पर्यटकांना समुद्राखाली न्यायची. बाळंतपणाला माहेरी आली, ती हवेचं सिलिंडर, जाकीट, कमरेचा शिशाचा पट्टा, सगळं घेऊनच.

“काय झालं गं कामिनी?” बाबांनी विचारलं.

“चष्म्यात पाणी गेलं, भाऊ.”

“अरे, वजन कमी पडून राहिलं!” छत्रीखालून कृष्णराव म्हणाले. “बांधा कमरेले आणखी एक दगड!”

“काका, तुम्हीच बसा ना तिच्या कमरेवर,” भूपेश पुटपुटला. तो सुट्टीला वरठीहून आलेला मामेभाऊ, त्याला गप्प बसणं जमतच नसे. मग तो राखीच्या कानाशी लागला, “ए, चष्मा आतून कोरडा होता! मीच धरला होता हातात.”

“मग खोटं काहून बोलली?”

आत्या बाळाला पाजायला बेशरमाच्या झुडपांमागे गेली होती. राखी, भूपेश आणि राखीची धाकटी बहीण गुड्डी पावलं न वाजवता मागे गेली. आत्याने एका हाताने बाळाला धरलं होतं. दुसरा हात तिने पोटाखाली दाबून धरला होता. डोळे मिटलेले.

गुड्डी एकदम म्हणाली, “मोनू झाला तवा आई अशीच पोट धरे! हसली की धरे, खोकलली की धरे!”

आत्याने डोळे उघडले. पाणावलेले होते.

“आत्या, तो पट्टा...” राखीने तिच्या पोटाकडे बोट केलं.

“नेमका ऑपरेशनच्या टाक्यांवर बसतो गं,” आत्या हळूच म्हणाली. “टाके भरलेत, डॉक्टरांनी पाण्यात जायला हो म्हटलं, पण हे शिसं! अंगातल्या रबरी सुटामुळे माणूस बुचासारखा वर येतो, म्हणून ते लागतंच. पट्टा वर सरकवला तर घसरतो, खाली आला की कळ येते. मग काही सुचत नाही. भाऊले सांगितलं त तो मले पाण्यात जाऊच देणार नाही. आणि मी नाही गेली, त...”

आत्याने तलावाकडे पाहिलं. पाटातल्या पाण्याचा आवाज इथवर येत होता.

“सगळं शिसं कमरेलेच काहून?” राखीने अचानक विचारलं. “बाबा फेकजाळ्याले शिसं कसं लावतात? काठाकाठानं, थोडं थोडं! एका जागी लावलं त जाळं गोळा होऊन बुडते. तसंच तुझ्या अंगावर वाटून टाकू!”

आत्या ताठ बसली. “खांद्यावर घेता येईल... पण एक अट. गरज पडली तर एका ओढीत सगळं सुटलं पाहिजे.”

“पट्ट्याचं बकल आहे ना! छातीवर लावू!” भूपेश उडालाच.

“आणि खांद्याले पट्टे?” आत्याने विचारलं.

राखी पळत घरी गेली. दारातली बॅग तिने उपडी केली. कपडे, पांघरूण, सगळं ओसरीवर! कात्रीने तिने बॅगेचे दोन्ही जाड पट्टे कापले.

ती परतली तेव्हा बाबा समोरच उभे. राखीने एका दमात सगळं सांगितलं. “आणि बाबा, तुमच्या जाळ्याचं शिसं पाहिजे. पट्ट्याचे मोठे ठोकळे वाटता येत नाहीत.”

बाबांनी बहिणीकडे पाहिलं. “मले सांगायचं ना, बाई,” एवढंच म्हणाले. मग स्वतः जाळ्याचं शिसं सोडवायला बसले.

जुन्या पँटच्या पायाच्या पिशव्या शिवल्या, त्यात शिसं भरलं, पट्ट्यांना पुढून-मागून टाके घातले. काठाच्या पाण्यात आत्या उतरली आणि... डोकं खाली, पाय वर!

“बदक!” गुड्डी किंचाळली.

“हेच का तुमचं विज्ञान?” कृष्णराव हसले.

“मागचं शिसं खाली सरकव!” राखी ओरडली. पुन्हा टाके. या खेपेला आत्या पाण्यात आडवी, अगदी सरळ तरंगली. तिने बकल ओढून पाहिलं, सगळं ओझं एका झटक्यात सुटलं. “कळ नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही!”

बाबांनी तिच्या कमरेचा दोर घट्ट धरला. “तुडुमच्या तोंडासमोर जाऊ नोको, बाजूनेच बसव!”

आत्या दिसेनाशी झाली. नुसते बुडबुडे. तुडुमची आणखी एक पायरी उघडी पडली. बाळ रडायला लागलं. राखीला पाण्याकडे बघवेना, ती पाटाकडे धावली. पाणी धो धोच होतं. ती तिथेच बसली. “बंद हो ना... बंद हो!”

ठक. जमिनीतून आल्यासारखा आवाज. पुन्हा ठक! पाणी बारीक झालं. मनगटाएवढं. बोटाएवढं. मग थेंब थेंब.

“थांबलं!” राखी इतक्या जोरात ओरडली की बगळे उडाले.

आत्या वर आली ती दोन्ही हात रिकामे घेऊन! काठाशीही गुडघ्याच्या वर पाणी उरलं होतं, आणि त्यात मासोळ्या सळसळत होत्या.

कृष्णरावांनी छत्री मिटली. “पोरांनो, मी दगड बांधाले निघालो होतो,” ते खाली मान घालून म्हणाले. “चूक माही, अक्कल तुमची. नवी खुंटी मी करून देतो, आणि विचारल्याबिगर हात नाही लावत.”

“लेकरांनी वाचवलं मले,” आत्याने तिघांना ओल्या अंगानेच कवटाळलं.

घरी बाबांनी ओसरीवरचा पसारा पाहिला. बिनपट्ट्यांची बॅग उचलून उलटीपालटी केली.

“हे पाह्य, राखी! आता हे पाठीवर घेऊन कसा जाऊ मी हैदराबादले?”

“नाहीच जायचं,” राखी म्हणाली.

बाबा हसले. बॅग त्यांनी कोपऱ्यात टाकली, जाळं मांडीवर ओढलं आणि शिशाची पहिली गोळी राखीच्या हातात दिली. “चल मग. काठाकाठानं. थोडं थोडं.”