पाववाल्याचा पिंजरा

बस इथं, भट्टीजवळ. बूट काढ, सुकतील. पिठाच्या पोत्यांची ऑर्डर नंतर लिहून घे. सकाळचा दुसरा घाणा आत्ताच आत गेलाय, तोवर मी मोकळा आहे.

तू शहरातला, रेगेन्सबुर्ग तुला पाठ असेल. आम्ही जंगलाकडचे लोक, वर्षातून एकदा शनिवार-रविवार तिथं जायचो. मी, कोर्बी म्हणजे कोर्बिनियन खाटीक, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा व्हिटस. शाळेपासूनचे दोस्त. कॅथेड्रल बघायचं, म्हणजे आत शिरून टोप्या काढायच्या, वर बघायचं आणि बाहेर पडायचं. मग दगडी पुलाजवळच्या खाणावळीत भाजलेलं वुर्स्ट सॉसेज आणि बिअर.

गेल्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा डॅन्यूबवर इतकं धुकं होतं, की पूल मधेच तुटल्यासारखा दिसत होता. माझं डोकं आधीच तापलेलं. गावात कोणीतरी माझ्याबद्दल उठवलं होतं, आलोइस पावाच्या वजनात मारतो. माझ्या आज्याची भट्टी आहे ही. पाववाल्याला एकदा चोर म्हटलं की तो संपला. आणि बिअर पिता पिता व्हिटसच्या तोंडून निसटलं, की आवई कोर्बीनंच उठवली. कोर्बी हसायला लागला. गंमत केली म्हणे, तू लगेच पेटतोस म्हणून.

मी ग्लास खाली ठेवला. उठून मागच्या दारानं बाहेर पडलो, ते दोघं मागोमाग.

त्या खाणावळीच्या मागच्या अंगणात एक पिंजरा होता. लांब दांड्याच्या टोकाला साखळीनं टांगलेला, माणूस उकिडवा मावेल एवढा. कमी वजनाचा पाव विकणाऱ्याला पूर्वी असल्या पिंजऱ्यात कोंबून नदीत बुडवायचे, गाव बघायला जमायचं. आता लोक फोटो काढतात. खाली फरशी, ठणठणीत कोरडी. नदी दोन गल्ल्या पलीकडं.

"बस की आत," कोर्बी म्हणाला. "चोर नाहीस ना? मग कशाला भितोस, लोइस्या?"

बसलो. रागानं बसलो. त्यांनी बाहेरून खिट्टी लावली, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळून मला वर उचललं आणि हिंदकळवायला लागले.

आधी वास आला. शेवाळ, मेलेला मासा, आंबलेलं पीठ. मग तळव्यांना गार लागलं. खाली बघतो तर फरशी नाही. काळं पाणी, आणि ते चढत होतं. मी ओरडलो, शिव्या घातल्या. ते दोघं हसत होते, त्यांचे बूट कोरडे. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं, नाकातोंडात शिरलं. वर मळकट उजेड, आणि काठानं माणसंच माणसं. पोरं कडेवर घेतलेल्या बायका, म्हातारे. सगळ्यांची तोंडं हसण्यानं फाकलेली, आवाज कोणाचाच नाही. आणि माझ्या कानाशी, पाण्यातच, कोणीतरी हळू विचारलं...

"तू नाही... तर कोण?"

परत विचारलं. परत. छाती फुटायला आली. मी नाव घेतलं. कोर्बिनियन आइब्ल.

पाणी गेलं. त्यांनी खिट्टी काढली तेव्हा माझे कपडे कोरडे होते, फक्त तोंडातून चिखल पडला. व्हिटस म्हणाला, याला चढली. कोर्बीनं स्वतःच्या रुमालानं माझं तोंड पुसलं.

"जास्तच झालं का रे? गावात मी सांगतो, तुझा पाव पूर्ण वजनाचा असतो म्हणून."

सांगितलंही त्यानं. पुढच्या रविवारी चर्चबाहेर, टोपी हातात घेऊन, सगळ्यांसमोर.

त्याच आठवड्यात गेला. मांस कापायच्या खोलीत, कोरड्या फरशीवर. डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसं पाण्यानं भरलीत. नदीच्या पाण्यानं, शेवाळ होतं त्यात. दार आतून बंद होतं. त्याची बायको वाल्बुर्गा बाहेरून दार बडवत होती. ती सांगते, आत तो एकच वाक्य परत परत ओरडत होता. मग गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"नाही सांगणार..." हेच ते वाक्य.

गाढव. एक नाव घ्यायला काय जात होतं? माझं घ्यायचं. मी त्याचं घेतलंच होतं की.

मला वाटलं, त्या पाण्याला माणूस मिळाला, मिटलं. पण परवापासून ही भट्टीसमोरची फरशी ओली असते. इथं थुंकलं तरी वाळतं, आणि ही ओली. काल पीठ मळताना कानाशी परत तोच प्रश्न आला, तू नाही तर कोण.

नाही रे, छत गळत नाही. पाय वर घेऊ नकोस, त्यानं काही होत नाही. दार मी मघाशीच लावलंय. गावात सगळे तुला नुसतं टोनी म्हणतात. पूर्ण नाव काय तुझं?

सावकाश सांग, आडनावासकट. मला ते एका दमात घ्यावं लागेल.