जळक्या जिन्याखालचं कपाट

“ट्रक आला! चल लवकर!” असं ओरडत भिंगरीने खिडकीतूनच अंगणात उडी मारली.

मागोमाग तिचा आतेभाऊ धडपडत आला. तो सतत वाचत असे, म्हणून सगळे त्याला पुस्तक्या म्हणत.

भिंगरी सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्या टेकडीवरच्या दोनशे वर्षं जुन्या हवेलीची व्यवस्था पाहायची. तीन दिवसांपूर्वी ती हवेली अर्धी जळाली. तिथे डागडुजी करणारा ठेकेदार जो भेटेल त्याला सांगत सुटला, “बाईंनी शेगडी चालू ठेवली!” मालकीणबाईंनाही ते पटलं. आत्याची नोकरी गेली; उद्या तिला सामान घेऊन निघायचं होतं.

“मी बंद केली होती गं...” आत्या पुन्हा पुन्हा म्हणायची. पण आता तिचं तिलाच खरं वाटेना.

भिंगरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. “अग्निशमन दलाचे साहेब चारला तपासणीला येणार, आणि ठेकेदार दोनलाच राडारोडा नेतोय? एवढी घाई कसली?”

दोघं मागच्या दाराने हवेलीत शिरली. स्वयंपाकघर धुराने काळंकुट्ट झालं होतं. पण शेगडीच्या वर, भिंतीवरची लाकडी फळी शाबूत होती!

“आग इथून लागली असती, तर ही उरली असती?” पुस्तक्या म्हणाला.

जिन्याखालच्या कपाटात मात्र लाकडी जमिनीला भलंमोठं भोक पडलं होतं. कडेला करपलेल्या चिंध्यांचा गोळा, आणि तेलाचा उग्र वास!

“जवसाचं तेल!” पुस्तक्या म्हणाला. “लाकडाला पॉलिश करायला वापरतात. अशा चिंध्यांचा ढीग ठेवला ना, तर तो आपोआप तापतो. पेटतोसुद्धा!”

“काडी न लावता? थापा मारू नकोस!” भिंगरी म्हणाली आणि एकदम थबकली. “अरे, आगीतून वाचलेली दारं तबेल्यात नेलीत. कालपासून तिथे पॉलिश चाललंय!”

दोघं धावत सुटली. तबेल्याच्या कोपऱ्यात, लाकडांना खेटूनच, चिंध्यांचा ढीग पडला होता. भिंगरीने हात घातला. “आई गं! गरम आहे!”

“ए कार्ट्यांनो, बाहेर व्हा!” दारातून ठेकेदार गरजला.

“काका, आधी यात हात घालून दाखवा. घाबरलात?” भिंगरीने विचारलं.

“मी? घाबरतो?” त्याने तोऱ्यात खोलवर हात खुपसला आणि “अयाया!” करत मागे उडाला. उसकटलेल्या ढिगातून धूर निघाला. भिंगरीने बादलीभर पाणी ओतलं. चर्र!

“या चिंध्या कोणाच्या?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. अग्निशमन अधिकारी ठरल्या वेळेआधीच येऊन मालकीणबाईंसोबत उभे होते.

दारं पॉलिश करणारा ठेकेदाराचा माणूस पुढे आला. “आमच्या, साहेब. आग लागली त्या दिवशी जिन्याखालच्या कपाटात टाकल्या होत्या. आगीनंतर मी यांना तसं सांगितलं होतं, पण हे म्हणाले, तोंड बंद ठेव.”

साहेबांनी आधी ट्रक थांबवला, मग कपाट बारकाईने तपासलं. “शेगडीचा काही संबंध नाही,” ते म्हणाले.

मालकीणबाईंनी आत्याला बोलावून घेतलं आणि तिचे हात धरले. “माझं चुकलं. तुम्हाला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही मी.” तीन दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी आत्या तिथेच हमसून रडली.

“पोरांनो, आज दुसरी आग लागली नाही ती तुमच्यामुळे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी अहवालाचा कागद पुढे केला. “साक्षीदार म्हणून सह्या करा.”

भिंगरीने ऐटीत सही केली. पण कागदावर काजळीची पाच बोटंही उमटली. ती घाईघाईने पुसायला गेली.

“राहू दे,” साहेब हसले. “पुराव्याला हात लावायचा नसतो!”